आधी तोंडावर, मग छापून

ज्याच्याबद्दल वाईट लिहायचं त्याच्या घरी आधी स्वतः जायचं, समोर बसायचं, लिहिलेलं सगळं त्याला वाचून दाखवायचं आणि मगच ते छापायला द्यायचं, अशी स्टेलिओससाहेबांची रीत होती. अथेन्समधल्या एका मोठ्या दैनिकात ते पुस्तकांवर आणि नाटकांवर लिहायचे, तेव्हा पंधराएक वर्षं त्यांनी हेच केलं. कुणी लेखकानं कॉफी पाजली, कुणी तोंडावर दार लावून घेतलं, एका कवीच्या आईनं म्हणे वरून बादलीभर पाणी ओतलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? तर म्हणाले, तसंच वाचून दाखवलं, अक्षरं थोडी पसरली होती एवढंच.

असा हा माणूस आमच्या वाट्याला बहारीनमध्ये आला. ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. पण कुणी माझ्या तोंडावर गोड गोड बोलायला लागलं की मला अजून त्यांच्या जाड भुवया आठवतात आणि मी समोरच्याला म्हणते, पुरे, आता खरं काय ते सांग.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते एकाहत्तर सालच्या शेवटी, मनामाच्या सूकमागे, म्हणजे बाजारामागे, असलेल्या एका इंग्रजी साप्ताहिकाच्या कचेरीत. आमचे हे रिफायनरीत फिटर. मी लग्नाआधी मुंबईला टायपिस्ट होते आणि इथं घरात बसून भिंती बघायचा मला भारी कंटाळा आला होता, म्हणून अर्ज केला. समोर पन्नाशीचा गोरा माणूस, शर्टाची वरची बटणं गायब, बोटं शाईनं काळी. त्यांनी एक कागद टाइप करायला दिला. मी केला. मग विचारतात, कसा वाटला? मला कळेचना. टायपिस्टला कधी कुणी असं विचारतं का? पण विचारलंच आहे तर सांगून टाकावं म्हणून म्हटलं, दुसरा परिच्छेद उगाच आहे. त्यांनी कागद ओढून घेतला, दुसऱ्या परिच्छेदावर काट मारली आणि म्हणाले, शनिवारपासून या.

कचेरीत सगळे त्यांना 'युनानी' म्हणत. अरबीत ग्रीक माणसाला तेच म्हणतात. आमच्या कोकणातल्या एका बाईंनी मात्र युनानी म्हणजे युनानी वैद्य अशी समजूत करून घेतली आणि गुडघेदुखीवर औषध विचारायला सरळ कचेरीत आल्या. साहेबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं दुखणं ऐकून घेतलं आणि चालत जा म्हणाले. बाई खुशीत गेल्या.

त्यांचं काम काय, तर जहाजांची आवक-जावक लिहिणं. इतका मोठा टीकाकार, आणि आठवड्याला अर्धं पान जहाजं! मिना सलमान बंदरात कुठलं जहाज लागलं, कुठून आलं, काय घेऊन आलं. ही माहिती आणायचे हसनभाई परकार, रत्नागिरीकडचे, एका शिपिंग एजंटाकडे कारकून होते. हसनभाई कागद द्यायला म्हणून यायचे आणि चहाचे दोन पेले होईपर्यंत हलायचे नाहीत. बोलायचे कमी. साहेब बोलायचे आणि हे ऐकायचे. साहेबांना तसाच माणूस हवा असे.

पण खोड जाते का? हळूहळू जहाजांच्या मजकुरातही साहेबांची टीका शिरायला लागली. अमुक जहाज नेहमीप्रमाणे उशिरा आलं. तमुक जहाजाचा रंग उडाला आहे आणि कप्तानाला त्याचं काही वाटत नाही. मी टाइप करताना हसू दाबायची. एकदा एका जहाजाबद्दल त्यांनी जरा जास्तच लिहिलं, आणि रीत म्हणजे रीत, कागद घेऊन जहाजावर गेले आणि कप्तानाला वाचून दाखवलं. कप्तान निघाला त्यांच्याच देशाचा. दोघं दुपारभर डेकवर भांडले आणि संध्याकाळी गळ्यात गळे घालून उतरले. पुढच्या आठवड्यात एजंटाची तक्रार आली. मालकांनी साहेबांना बोलावून शांतपणे सांगितलं की यापुढे नाव, गाव, माल, तारीख, खलास.

आमचे मालक बहारीनी, सभ्य माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण साप्ताहिक जाहिरातींवर चालायचं आणि टीका म्हणजे जाहिरातदाराशी वैर, हे त्यांचं पक्कं गणित होतं. साहेबांचा व्हिसा त्यांच्या हातात. ती नोकरी गेली असती तर साहेबांना जायला जागा नव्हती.

ते असं. त्यांच्या देशात लष्करानं सत्ता घेतली होती. रोजचं वर्तमानपत्र छापण्याआधी एका अधिकाऱ्याकडे जायचं. त्या अधिकाऱ्यानं साहेबांना बोलावलं आणि अगदी गोड शब्दांत सांगितलं की तुमचं पान चालू ठेवा, हवी तेवढी स्तुती करा, फक्त आमच्या माणसांच्या पुस्तकांना नावं ठेवू नका. साहेब मला म्हणाले होते, "ऐका, मिसेस सावंत. जिथं वाईट म्हणायची सोय नाही, तिथं मी चांगलं म्हटलं तर त्याला कोण विचारणार?" त्यांनी लेखणी खाली ठेवली, बैरुतला गेले, तिथून ओळखीनं इथं. तेव्हापासून पुस्तकांवर-नाटकांवर एक ओळ लिहिली नव्हती. तिकडे लिहू देत नव्हते आणि इकडे कुणी लिहा म्हणत नव्हतं. वरून हसायचे, पण तिकडचे मित्र पाठवत ती पुस्तकांची पार्सलं फोडायचं त्यांनी बंद केलं होतं. खोलीत तशीच दोरीनं बांधलेली पडलेली असत. मला ते बघवत नसे.

आता आमच्या मराठी मंडळाकडे वळते, कारण खरी गंमत तिथंच झाली. मंडळ दर वर्षी थंडीत एक नाटक बसवायचं आणि नटांपैकी एकाला उत्तम अभिनयाचं बक्षीस द्यायचं. चांदीचं तबक. त्या तबकापायी जी भांडणं व्हायची, काय सांगू! परीक्षक मालवणचा असला की रत्नागिरीकर रुसायचे, पुण्याचा असला की सगळेच रुसायचे. आदल्या वर्षी तर दोन कुटुंबांनी एकमेकांकडे हळदीकुंकवाला जाणं सोडलं. त्र्याहत्तरच्या सभेत कुणीतरी डोकं लढवलं, की ज्याला मराठी मुळीच येत नाही असा परीक्षक आणा. जो आपली भाषाच जाणत नाही तो कुणाची बाजू घेणार? टाळ्या पडल्या. ठराव झाला. आणि अशा प्रकारे, मराठी नाटकाचे परीक्षक म्हणून एक ग्रीक गृहस्थ नेमले गेले. हे आपल्याच माणसांना सुचू शकतं.

साहेबांना मी घाबरत घाबरत विचारलं. म्हटलं भाषा येत नसताना कसं करणार? म्हणाले, "नाटकात बोलणारा खोटं बोलू शकतो. ऐकणारा नाही. मी ऐकणाऱ्याकडे बघेन."

नाटक घरगुती होतं. मुलगी लग्न होऊन घर सोडते, असा शेवट. आईचं काम विमलताई दळवींचं. मंडळात आईचं काम दुसऱ्या कुणाला मिळतच नसे, आणि खोटं कशाला बोलू, आवाज होताच तसा. दळवीसाहेब, म्हणजे त्यांचे यजमान, मंडळाचे अध्यक्ष आणि एअरकंडिशनर आणणाऱ्या एका बड्या कंपनीत मॅनेजर. त्या कंपनीची जाहिरात आमच्या साप्ताहिकाचं अख्खं शेवटचं पान भरून यायची. वडील झाले होते आमचे हसनभाई. त्यांना फारशी वाक्यं नव्हती, बहुतेक वेळ खुर्चीत बसून इतरांचं ऐकायचं होतं. मी विंगेत प्रॉम्प्टर.

शेवटच्या प्रवेशात विमलताई पुढे आल्या, प्रेक्षकांकडे तोंड करून ते लांबलचक भाषण त्यांनी असं काही म्हटलं की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. टाळ्या थांबेनात. आणि साहेबांनी तबक दिलं हसनभाईंना. सगळे आधी वळून दळवींकडे बघायला लागले. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण नाही तरी काय करणार, ठराव आपलाच होता. हसनभाई तबक हातात घेऊन असे उभे राहिले की जणू कुणाचं तरी धरायला दिलंय.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब कचेरीत आले ते डोळे लाल, दाढी वाढलेली, आणि हातात लिहिलेले कागद. माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, टाइप करा. इतक्या वर्षांनी त्यांनी नाटकावर लिहिलं होतं. मी पहिली ओळ वाचली आणि मला आनंदही झाला आणि धडकीही भरली. मालकांनी त्यांना आधीच अर्धं पान कबूल केलं होतं, कारण भारतीय मंडळी खूश होतील, जाहिराती वाढतील. मजकूर वाचल्यावर मालकांनी फक्त चष्मा काढला. म्हणाले, तुम्हाला छापायचं तर छापा. पण शेवटचं पान गेलं, तर मला तुम्हाला ठेवता येणार नाही. साहेब म्हणाले, बरोबर आहे. आणि मला म्हणाले, दळवींकडे निरोप द्या, मी घरी येतोय, लेख घेऊन.

आता रीत मला माहीत होती, दळवींना कुठे माहीत? परीक्षक स्वतः लेख घेऊन घरी येतायत म्हटल्यावर त्यांना वाटलं, सन्मान आहे. मी फोनवर विमलताईंना म्हटलं, ताई, फार माणसं बोलावू नका हो. त्या म्हणाल्या, नलू, तू पण ना, नेहमी संकोच करतेस. आणि आणखी चार घरं बोलावली.

अदलियातला त्यांचा कंपनीचा बंगला, दिवाणखान्यात माणसंच माणसं. दळवीसाहेब कडक इस्त्रीत. टेबलावर बटाटेवडे, नारळाच्या वड्या, चिवडा. साहेबांच्या हातात बशी दिली तर त्यांनी ती खाली ठेवली. मला म्हणाले, यांना सांगा, आधी वाचणार, मग खाणार. आधी खाल्लं आणि मग वाईट बोललो तर ती चोरी होईल. मी ते जरा वळवून सांगितलं. दळवीसाहेब म्हणाले, छे छे, घरी आलेल्या माणसानं तोंड गोड केल्याशिवाय आम्ही एक अक्षर ऐकणार नाही. साहेब म्हणाले, वाचल्याशिवाय मी एक घास खाणार नाही. बशी इकडून तिकडे, तिकडून इकडे. वडे गार होत चाललेले. दोन्ही बाजूंनी इतका आग्रह, इतकी नम्रता, आणि कुणी मागे हटेना. शेवटी विमलताईंनीच बशी उचलून बाजूला ठेवली, पदर खोचला आणि साहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. "वाचा म्हणावं," त्या म्हणाल्या. "तोवर कुणीच काही खाणार नाही."

साहेब एकेक वाक्य इंग्रजीत वाचायचे आणि मी मराठीत सांगायचे. सुरुवात हसनभाईंपासून होती, ती बरी गेली. मग विमलताई आल्या. मी शब्दांना जरा तूपसाखर लावायला लागले, तर साहेब थांबले. म्हणाले, मिसेस सावंत, माझं वाक्य इतकं लांब नव्हतं. काय करणार? सांगितलं सगळं जसंच्या तसं. आईचं काम करणाऱ्या बाईंचा आवाज उत्तम आहे. त्यांचं स्वतःचंही त्या आवाजावर फार प्रेम आहे. मुलगी कायमची घर सोडून निघाली आहे आणि आई शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाशी बोलते आहे. संपूर्ण नाटकात या आईनं आपल्या मुलीकडे एकदाही पाहिलं नाही.

मग दळवीसाहेब उठले. ही काय पद्धत झाली, घरी बोलावून पाहुणचार करायचा आणि वर हे ऐकून घ्यायचं? भाषेचा गंध नाही आणि निघाले शिकवायला. मालकांना उद्याच फोन करतो, जाहिरात बंद. हे सगळं ते मराठीत बोलले, पण साहेबांना कळायचं ते कळलं. ते कागदाची घडी न घालता तसेच बसून राहिले. नोकरी, व्हिसा, सगळं त्या दिवाणखान्यात पणाला लागलं होतं आणि माणूस उठून जात नव्हता.

विमलताई मला म्हणाल्या, शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला सांग. त्यांनी वाचलं. मी सांगितलं. मग त्या माझ्याकडे न बघता, साहेबांकडे बघून मराठीतच बोलल्या. "नाही बघितलं. कशी बघणार? ती पोरगी माझ्या सुमीएवढी आहे. वेणीसुद्धा तशीच घालते. तिच्याकडे बघितलं असतं तर मला पुढचं एक वाक्य आलं नसतं."

सुमी म्हणजे त्यांची एकुलती मुलगी. शिक्षण चांगलं व्हावं म्हणून तिला लहानपणापासून पुण्याला आत्याकडे ठेवली होती. तेव्हा आमच्यातल्या कितीतरी घरांत असंच होतं. वर्षातून एकदा भेट, त्यातही प्रवासाचे दिवस जायचे. सुमीबद्दल विमलताई नेहमी हसून सांगायच्या, पहिली आली, गाणं शिकते, मजेत आहे. मी हे सगळं साहेबांना इंग्रजीत सांगितलं.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, हे लिहू का? विमलताई म्हणाल्या, नको. "लोकांनी तिकीट नाटकाचं काढलं होतं, माझ्या घरचं नाही. त्यांना जे दिसलं ते छापा म्हणावं." मग यजमानांकडे वळल्या. जाहिरात काढायची असेल तर खुशाल काढा, म्हणाल्या, पण पुढच्या वर्षी आईचं काम तुम्ही करा. कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि दळवीसाहेब खाली बसले. साहेबांनी ते गार वडे इतक्या चवीनं खाल्ले की विमलताईंना पुन्हा तळायला जावं लागलं.

लेख छापून आला. शेवटचं पान जागेवर राहिलं. साहेबही राहिले, आणि मालकांनी काय विचार केला कोण जाणे, त्यांना महिन्यातून एकदा अर्धं पान दिलं. खोलीतली पार्सलं फुटली. मला तर सण असल्यासारखं वाटत होतं. एखाद्या टुकार सिनेमावर त्यांचं मत विचारलं की हात झटकून "सिनेमा मफी" म्हणायचे, म्हणजे यात सिनेमाच नाही, आणि मग त्यावर दोन पानं लिहायचे. थिएटरच्या मॅनेजरकडे वाचून दाखवायला मीच त्यांच्याबरोबर जायची. तो मॅनेजर पुढे पुढे आम्हाला बघितलं की मागच्या दारानं पळायचा.

दोन महिन्यांनी नाटकाचा दुसरा प्रयोग अवालीच्या क्लबात झाला. शेवटच्या प्रवेशात विमलताई पुढे आल्याच नाहीत. त्या वळल्या आणि मुलीकडे बघितलं. संपलं. मी विंगेतून वाक्य दिलं, पुन्हा दिलं, ओरडून दिलं म्हणा ना. त्यांच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. त्यांनी पोरीच्या वेणीला हात लावला आणि तशाच उभ्या राहिल्या. हसनभाईंनी खुर्चीतून उठून पडदा पाडायची खूण केली. साहेबांनी त्यावर लिहिलं की शेवटचं भाषण गाळलं गेलं, लेखकाचं नुकसान झालं, आणि मला आणखी काही म्हणायचं नाही. त्या उन्हाळ्यात सुमी बहारीनला आली ती इथंच राहिली. दळवीसाहेबांनी स्वतः जाऊन तिला आणली. पुढे ईसा टाउनच्या शाळेत शिकून मोठी झाली, आणि आईला उलट उत्तरं द्यायची ती इंग्रजीत.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यातच बातमी आली की साहेबांच्या देशातली लष्करी राजवट गेली. आम्ही कचेरीत पेढे वाटले. थोड्या दिवसांनी त्यांच्या जुन्या दैनिकातून तार आली, तुमचं पान तुमची वाट बघतंय, या. मला वाटलं माणूस त्याच रात्री विमानात बसेल. पण नाही. आज म्हणत, उन्हाळा संपू दे. मग म्हणत, मालकांची अडचण होईल. मग म्हणाले, मिसेस सावंत, मला इथं सगळे ओळखतात, तुमची मंडळी आहेत, हसन आहे, जायची घाई काय? आम्हाला काय, बरंच वाटलं. मंडळानं तर पुढच्या नाटकाला तेच परीक्षक असा ठरावही केला. फक्त हसनभाई एकदा चहा पिता पिता मला म्हणाले, नलूबाय, यांचा चेहरा काय खुशीचा नाय हां.

अशीच महिन्या-दोन महिन्यांनी एक संध्याकाळ. मी आणि विमलताई मनामाच्या सूकमध्ये सुमीच्या शाळेच्या ड्रेससाठी कापड घ्यायला गेलो होतो. दुकानातून बाहेर पडतोय तोच साहेब समोर. हातात टोमॅटोची पिशवी. विमलताईंनी मला विचारायला लावलं, कधी निघणार? साहेबांनी तेच सगळं सांगितलं, मालक, मंडळ, तुमचं नाटक, तुम्हा लोकांना सोडवत नाही. मी मराठीत सांगत होते आणि विमलताई माझं ऐकतच नव्हत्या, त्यांच्याकडे बघत होत्या.

मग म्हणाल्या, "त्यांना सांग नलू, हे आमच्यासाठी राहत नाहीयेत. घाबरलेत. मी प्रेक्षकांकडे बघून बोलत होते ना, तसे हे आमच्याकडे बघून बोलतायत. ज्यांच्याकडे बघायचं त्यांच्याकडे पाठ."

रस्त्यात, गर्दीत, एवढ्या मोठ्या माणसाला! मी म्हटलं, ताई, असं कसं सांगू? त्या म्हणाल्या, जसंच्या तसं सांग, लांबवू नकोस. मी सांगितलं. अगदी शब्दाला शब्द. एक हातगाडीवाला 'यल्ला यल्ला', म्हणजे चला चला, ओरडत आमच्या मधून गेला. साहेबांना असं बोलणारं आजवर कुणी भेटलं नसावं. मग ते म्हणाले, हो. म्हणाले, तिकडे सगळ्यांनी माझ्याशिवाय निभावून नेलं. जे तेव्हा स्तुती लिहीत राहिले त्यांच्याच शेजारी टेबल असेल माझं. आणि इतक्या वर्षांत ग्रीक मी फक्त त्या एका कप्तानाशी आणि माझ्या मांजराशी बोललोय. मी काय लिहिणार, आणि लिहिलं तर ते कुणाला हवंय?

विमलताई म्हणाल्या, "मला हवं होतं का? तरी आलात ना?"

हे मी सांगितलं तेव्हा साहेब हसले. मग त्यांनी टोमॅटोची पिशवी विमलताईंच्या हातात दिली, म्हणाले, ही मला आता लागणार नाही, आणि वळून चालायला लागले. मला रडू आलं आणि विमलताईंचा रागही आला. म्हटलं, काय गरज होती? आपला माणूस घालवलात. त्या टोमॅटो बघत म्हणाल्या, आपला होता म्हणूनच.

पंधरवड्यात ते गेले. मुहर्रकच्या विमानतळावर मी, आमचे हे, हसनभाई, दळवी कुटुंब आणि मालकसुद्धा. भाषणं वगैरे त्यांनी करू दिली नाहीत. हसनभाईंना मिठी मारली. माझ्याशी हात मिळवला आणि म्हणाले, तुम्ही मला दुसरा परिच्छेद खोडायला लावलात तेव्हाच मला कळलं होतं की इथं माझं बरं चालेल. आता हे काय टायपिस्टला म्हणायचं असतं? मी घरी येईपर्यंत टॅक्सीत रडले.

नंतर कितीतरी महिने काही पत्ता नाही. लिहायला लागले की नाही, कुणी लिहू देतंय की नाही, की दुसऱ्या कुठल्या गावी पुन्हा जहाजंच मोजतायत, काही कळेना. मला धास्ती वाटायची. विमलताई तर सारखं विचारायच्या. बोलून दाखवत नव्हत्या, पण आपण त्या माणसाला ढकललं आणि तो तिकडे पडला असला तर, हे त्यांच्या मनात होतं. त्यांची झोप उडाली होती असं सुमीनंच मला सांगितलं.

मग एका शुक्रवारी हसनभाई दळवींकडे आले. मीही तिथंच होते. त्यांच्याबरोबर एक तरुण ग्रीक माणूस, बंदरात लागलेल्या जहाजावरचा रेडिओ ऑफिसर, आणि त्याच्या हातात अथेन्सचं वर्तमानपत्र. हसनभाईंनी ते टेबलावर पसरलं आणि आतल्या पानावर बोट ठेवलं. वर छोटा फोटो होता. जाड भुवया. खाली पानभर ग्रीक अक्षरं, आम्हाला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं. दळवीसाहेब चष्मा लावून फोटोच बघत बसले.

विमलताईंनी मला म्हटलं, याला विचार, काय लिहिलंय. त्या मुलानं थोडं वाचलं, जरा अवघडला, आणि इंग्रजीत सांगितलं की एका फार मोठ्या लेखकाच्या नव्या पुस्तकावर आहे. माझ्या आईला तो लेखक फार आवडतो, म्हणाला.

"चांगलं म्हटलंय की वाईट?"

मुलानं पुन्हा वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. म्हणाला, वाईट. फार वाईट. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक शब्दही बरा नाही.

मी मराठीत सांगितलं. विमलताईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि रडता रडता हसायला लागल्या. तो मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायला लागला. त्या कशाबशा म्हणाल्या, "मग बरे आहेत ते."